तिनं भरलेला रोल

दुपारचे साडेतीन वाजले असतील. भिंगताई डबा खाऊन, हात साबणानं दोनदा धुऊन नुकतीच कामाला बसली होती. हात दोनदा धुवायची तिची जुनी सवय. कॅमेऱ्याच्या पोटात बोट घालायचं तर त्याला तेल, मीठ, घाम काही लागलेलं चालायचं नाही, असं तिचे वडील म्हणत. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचं दुकान, त्यांचं टेबल आणि त्यांचं म्हणणं ही तिन्ही तिच्याकडे जशीच्या तशी राहिली होती.

तिचं खरं नाव गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या कपाळावर चढवलेलं असायचं. कधी कधी ती तशीच भाजी घेऊन घरी जायची. म्हणून भिंगताई. हे बारसं खालच्या मजल्यावरच्या कुलूपवाल्यानं केलं होतं. तो जिन्यात भेटला की म्हणायचा, "ताई, तुमचा आणि माझा धंदा एकच की. आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही!" आणि आपल्याच विनोदावर खोखो हसायचा.

दुकान पहिल्या मजल्यावर. एक खोली, एक मोठी खिडकी, खिडकीला लागून टेबल. दुपारचा उजेड टेबलावर असा पसरायचा की सगळ्यात बारीक स्क्रूचीसुद्धा सावली दिसावी. घाबरण्यासारखं त्या खोलीत काही म्हणता काही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्याच उजेडात झालं.

तर त्या दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि मोजणीदार वर आले. जमिनी मोजायच्या खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती. वय अठ्ठ्याहत्तर, अंगानं काटकुळे, पण पाठ ताठ. त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं ते झोपलेलं मूल खाली ठेवावं तसं.

"ताई, रोल अडकलाय," ते म्हणाले.

टॉवेलात जुना रेंजफाइंडर होता. भिंगताईच्या वडिलांनी दोनदा साफ केलेला, तिनं एकदा. या जातीच्या कॅमेऱ्याची गंमत अशी, की त्याच्या छोट्या खिडकीला डोळा लावला की समोरचा माणूस दोन दिसतो, एक स्पष्ट आणि एक पुसट. कडं फिरवत फिरवत दोघं एकावर एक आणले की नेम बसला. वापरायला गोड, पण रोल भरायला महाखट्याळ. इतर कॅमेऱ्यांची पाठ दारासारखी उघडते. याची उघडत नाही. फक्त तळ निघतो. मग फिल्मची जीभ, म्हणजे तिचं पुढचं टोक, कात्रीनं लांब आणि निमुळती कापायची, ती रिकाम्या फिरकीच्या फटीत अडकवायची, आणि रोल नि फिरकी दोन्ही एकदम खालून आत सरकवायची. आत काय चाललंय ते दिसत नाही. डोळ्यांचं हे कामच नव्हे, सगळी मदार बोटांवर. जीभ जरा आखूड कापली गेली की फिल्म चिमटते, फाटते, शटरमध्ये अडकते.

"काकूंनी भरला होता ना?" भिंगताईनं विचारलं.

"तिनंच. शेवटचा." मोजणीदार खुर्चीवर टेकले. "मला कुठे येतं? एक्केचाळीस वर्षं ती भरायची, मी फोटो काढायचो. लग्न झालं तेव्हाच वाटणी झाली होती आमची. मी म्हणायचो, फोटो मी काढले. ती म्हणायची, अर्धे माझे."

काकू जाऊन चार महिने झाले होते. जायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी स्वतः हा रोल भरून दिला होता आणि मोजणीदारांनी त्यावर त्यांचेच फोटो काढले होते. अंथरुणात बसलेल्या, खिडकीशी उभ्या, केस विंचरताना, अहो पुरे आता म्हणून हात हलवताना. अकरा फोटो. मग चार महिने कॅमेरा कपाटात. परवा हिय्या करून त्यांनी रोल गुंडाळायला घेतला, तो गुंडी फिरेना. फिरेना म्हणून जोर लावला.

"जोर लावायला नको होता," ते म्हणाले.

"असू दे. फिल्म आत आहे तोवर काही बिघडत नाही. काळ्या पिशवीत काढते, डबीत बंद करते, मग धुऊ. तासाभराचं काम."

ही काळी पिशवी म्हणजे काय, तर दुपदरी जाड कापडाचा, सगळीकडून शिवलेला एक सदराच. मान नाही, घेर नाही, फक्त दोन बाह्या, आणि त्यांच्या टोकाला घट्ट इलॅस्टिक. पोटाला दुहेरी चेन. चेन उघडून कॅमेरा आत ठेवायचा, चेन लावायची, आणि बाह्यांतून हात कोपरापर्यंत आत घालायचे. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत मिट्ट काळोख. एकदा फिल्म उघडी केली की ती डबीत बंद होईपर्यंत हात बाहेर काढायची सोय नाही. काढले की उजेड शिरला, आणि उजेड शिरला की सगळं गेलं.

भिंगताईनं कॅमेरा, छोटी कात्री आणि उजेड न शिरणारी पत्र्याची डबी आत ठेवली. दोन्ही चेनी लावल्या. हात घातले. मग नेहमीप्रमाणे मान वर करून खिडकीबाहेर बघत बसली, कारण या कामात डोळ्यांना सुट्टीच असते. समोरच्या गच्चीवर कोणाच्या चादरी वाळत होत्या. खालून कुलूपवाल्याच्या कानशीचा आवाज येत होता.

तळ निघाला. तिनं बोटानं चाचपलं. फिल्म दातेरी चक्रावर चिमटली होती, पण फाटली नव्हती. हलक्या हातानं सोडवली, रोल आणि फिरकी दोन्ही बाहेर ओढली. सगळं व्यवस्थित. आता फिल्म फिरकीवर गुंडाळायची, डबीत टाकायची, झाकण लावायचं.

तेवढ्यात तिच्या मनगटाला काहीतरी चाटून गेलं.

फिल्म मोकळी झाली की सुटून वळवळते, हे तिला माहीत होतं. तिनं लक्ष दिलं नाही. मग तेच काहीतरी तिच्या अंगठ्यावरून तर्जनीवर आलं, थांबलं, आणि लहान मुलाच्या हातून मोठं माणूस सुई काढून घेतं तितक्या सहज त्यानं तिच्या चिमटीतून फिल्म काढून घेतली.

हात ओढून घ्यायला हवे होते. पण फिल्म उघडी होती. अकरा फोटो उघडे होते. म्हणून ती तशीच बसून राहिली, चादरींकडे बघत. पिशवीत तिच्या हातांच्या शेजारी काम चाललं होतं. फिल्म हलकेच ताणल्याचा आवाज... रोल सरकल्याचा आवाज... तळाची पट्टी बसली, चावी फिरली. शेवटी पट्टीवर दोनदा टिचकी वाजली. टक, टक.

मग काही नाही.

तिनं हात बाहेर काढले. चेन उघडली. कॅमेरा बंद होता, रोल भरलेला होता. डबी रिकामी.

"झालं?" मोजणीदारांनी विचारलं.

"नाही... निसटलं जरा. परत बघते."

तिनं पुन्हा हात घातले. वीस वर्षांच्या कामात ती असल्या गोष्टींना भ्यालेली नव्हती. सकाळपासून डोळे ताणलेत, हाताला मुंग्या आल्या असतील, असंच तिनं स्वतःला समजावलं. या वेळी तळ काढून फिल्म ओढते न ओढते तोच ती बोटं आली. लहान, कोरडी, थंड. घाई नव्हती त्यांना. ती आधी तिच्या हातांवरून फिरली, एकेका बोटावरून, एकेका पेरावरून, आणि करंगळीपाशी येऊन सोडून गेली. ती जाताना भिंगताईच्या बोटाला त्यांची टोकं लागली आणि तिच्या लक्षात आलं, की त्यांना नखं नव्हती. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी नुसती मऊ कातडी.

टक, टक.

तिनं हात काढले तेव्हा त्यांवर काटा उभा होता. मोजणीदार तिच्याकडे बघत होते.

"ताई, काय होतंय?"

"काका, मला वेड लागलंय म्हणाल."

"सांगा तर."

"आत कोणीतरी... मी रोल काढते आणि कोणीतरी तो परत भरतं."

म्हातारा हसला नाही. डोक्यावर हात मारून घेतला नाही. त्यानं फक्त खुर्ची पुढे ओढली आणि अगदी हळू विचारलं, "भरायच्या आधी फिल्म जराशी ताणून बघतं?"

"हो."

"आणि भरून झाल्यावर तळावर टिचकी मारतं? दोनदा?"

भिंगताईनं मान हलवली. मोजणीदारांचा चेहरा असा झाला, की तिला तो बघवेना. चार महिने बंद असलेल्या घराचं दार कोणी उघडावं तसा.

"तीच ती," ते म्हणाले. "दोनदा टिचकी मारायची. म्हणायची, जा आता, काढ फोटो. बोटं लहान आहेत ना? लहान, आणि कोरडी? दिवसभर खडूत हात असायचे, शाळेत होती ती. तिचीच ना, ताई?"

इथे भिंगताईनं नखांचं सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण समोरचा माणूस चार महिन्यांत पहिल्यांदा हसत होता. तिला वाटलं, हे हसू आपण कशाला पुसायचं?

"असतील," ती म्हणाली.

तो एक शब्द पुढे तिला रात्रंदिवस खात राहिला. पण त्या वेळी तो तिच्या तोंडून मायेनं गेला होता, हेही खरं.

मोजणीदार उठले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

"काका, नको."

"एकदाच."

"काका, हे मला बरं वाटत नाही. आपण असं करू, तुमच्या मुलीला बोलावू, मग—"

"ताई." ते थांबले. "दवाखान्यात शेवटी तिच्या हाताला नळ्या लावल्या होत्या. मला धरू दिला नाही तिचा हात. दुखेल म्हणाले तिला. एकदाच धरतो."

भिंगताईनं चेनी तपासल्या. त्यांनी हात आत घातले, एक, मग दुसरा. इलॅस्टिक त्यांच्या वाळक्या दंडावर बसलं. पिशवी मांडीवर घेऊन ते खिडकीकडे तोंड करून बसले आणि वाट बघू लागले.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्यांच्या खांद्यांतला ताठा गेला.

"आलीस?" ते म्हणाले. एवढ्या मऊ आवाजात, की भिंगताईनं नजर दुसरीकडे वळवली. "किती गार पडलीस गं... बरी आहेस ना? मी आपला ठीक. लेक येते रविवारची. भाजी अळणीच करते अजून, तुझ्यासारखी..." ते हसले. पिशवीचं कापड मंद हलत होतं. "अडकवून ठेवला बघ मी रोल. ओरडू नको आता. जोर लावायला नको होता, कळतंय मला..."

खालची कानस थांबली होती. चादरी हलत नव्हत्या. खोलीत ओल्या पुठ्ठ्यासारखा एक वास यायला लागला होता.

मोजणीदार बोलायचे थांबले.

"काका?"

ते पिशवीकडे बघत होते. कपाळावर आठी पडली होती, हिशेब चुकतोय असं वाटल्यावर पडते तशी.

"ताई... ही ती नाही."

"म्हणजे?"

"ती हात धरायची. हे धरत नाहीत... हे मोजतायत. माझी बोटं. एकेक पेर... परत पहिल्यापासून..."

"हात काढा. काका, हात काढा बाहेर! गेली फिल्म तर जाऊ दे!"

"निघत नाहीत." त्यांचा आवाज अगदी साधा होता. तेच भयंकर होतं. "आणि दोनच नाहीत, ताई. बरेच आहेत..."

भिंगताईनं त्यांचा दंड धरून ओढला. बाही ताणली गेली, हात तसूभर सरकला नाही. चेन उघडायला गेली तर चेनीचा लोलक आतून कोणी धरून ठेवल्यासारखा घट्ट. ती जिन्याकडे तोंड करून किंचाळली. कुलूपवाला दोन दोन पायऱ्या चढत आला, दारातूनच काहीतरी चेष्टेचं बोलणार होता, तोच त्याला म्हाताऱ्याचा चेहरा दिसला. त्यानं खिशातलं पातं काढलं आणि पिशवी उभी फाडली, बाहीपासून चेनीपर्यंत.

ऊन आत पडलं.

आत मोजणीदारांचे दोन हात होते, कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना ठेवलेले. कॅमेरा बंद, रोल भरलेला. कात्री आणि डबी कोपऱ्यात. दुसरं काही नाही. हातांवर ओरखडा नाही, वळ नाही.

"चला, सुटलात!" कुलूपवाला म्हणाला. "घाबरवलंत की राव."

मोजणीदार आपल्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी भिंगताईकडे पाहिलं.

"ताई," ते म्हणाले, "हे हलत नाहीत."

दवाखान्यात आठ दिवस सगळ्या तपासण्या झाल्या. मेंदू ठीक, मणका ठीक, नसा ठीक. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं प्रकृती उत्तम आहे. सुई टोचली की त्यांना कळायचं, गरम-गार कळायचं. फक्त मनगटापासून पुढे हात त्यांचे ऐकत नव्हते. भिंगताई रोज जायची. लेकीला तिनं झालं ते सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. लेक शहाणीसुरती बाई होती, आईसारखीच शाळेत शिकवणारी. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "धक्का बसला असेल हो त्यांना. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका."

कॅमेरा भिंगताईनं टॉवेलात बांधून लेकीच्या स्वाधीन केला. दुकानात ठेवायची तिची छाती झाली नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी लेकीचा फोन आला.

"ताई, जरा येऊन जाल का? दुपारची या. साडेतीनच्या आधी."

"हात हलले का?"

"हलतात," लेक म्हणाली.

भिंगताई पोचली तेव्हा मोजणीदार खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. दाढी केलेली, केस विंचरलेले, अंगावर स्वच्छ शर्ट. दोन्ही हात मांडीवरच्या उशीवर ठेवले होते, दुसऱ्या कोणाचे आणून ठेवावेत तसे. भिंतीवर काकूंचा एकही फोटो नव्हता. आयुष्यभर त्यांचे फोटो काढले, पण त्या लावू द्यायच्या नाहीत, असं लेकीनं सांगितलं. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली. अगदी नेहमीचं घर होतं.

"कसे आहात काका?"

"बघा की आता," ते म्हणाले.

साडेतीन वाजले आणि हात उठले.

डावा हात हवेत काहीतरी धरून उभा राहिला. उजव्याची दोन बोटं कात्रीसारखी उघडली, मिटली, लांब आणि निमुळता काप देत गेली. मग चिमटीनं जीभ फटीत अडकवली. जराशी ताणून पाहिली. दोन्ही हात मिळून खालून वर सरकले, थांबले, सरकले. पट्टी बसली. चावी फिरली. मधल्या बोटानं दोनदा टिचकी मारली. आवाज नाही, नुसती टिचकी. की पुन्हा डावा हात वर.

भिंगताईनं हे काम हजारो वेळा केलं होतं. इतकं सफाईदार तिला कधी जमलं नव्हतं. आणि हे हात ज्यांचे होते त्यांनी आयुष्यात एकदाही रोल भरला नव्हता.

"उजेड जाईपर्यंत चालतं," लेक म्हणाली. ती दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. "बांधून ठेवले तर बोटं आत वळवळत राहतात. रक्त येतं. म्हणून सोडले. आणि ताई... दर रविवारी मी त्यांची नखं कापते. गेले तीन रविवार कापावी लागली नाहीत."

भिंगताई खुर्चीजवळ वाकली. तिनं मोजणीदारांची बोटं पाहिली. नखं होती अजून, पण पातळ, बुडाशी सरकलेली, कडेनं कातडी त्यांच्यावर चढत आलेली.

"काका," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं. त्या बोटांना नखं नव्हती. मी तुम्हाला सांगितलं नाही."

हातांचं काम चालूच होतं. मोजणीदारांनी त्यांच्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"सांगितलं असतं तरी मी घातलेच असते हात," ते म्हणाले. मग म्हणाले, "ताई, तो कॅमेरा उघडा. इथे. उजेडात."

"बाबा!" लेक पुढे आली. "आईचे आहेत ते. शेवटचे आहेत."

"माहीत आहे मला."

"दुसरीकडे देऊ. मोठ्या लॅबमध्ये देऊ, तिथे अंधाऱ्या खोलीत काढतील—"

"आणि तिथल्या माणसाचे हात?"

कोपऱ्यातल्या कपाटातून लेकीनं टॉवेल काढून आणला आणि भिंगताईच्या हातात दिला, तोंड फिरवून.

भिंगताई खिडकीशी गेली. ऊन कॅमेऱ्यावर पडलं. एकदा तिला वाटलं, तळ निघणारच नाही. पण चावी सहज फिरली, पट्टी हातात आली. तिनं रोल आणि फिरकी बाहेर काढली आणि फिल्म ओढायला सुरुवात केली. हातभर, दोन हात, तीन. राखाडी-जांभळी पट्टी सळसळत उन्हात पसरली, जमिनीवर वेटोळी घालत गेली. न धुतलेल्या फिल्मवर काही दिसत नसतं. उजेड लागून सगळं जातं तेव्हाही तिच्यावर काही दिसत नाही. खिडकीशी उभ्या काकू, केस विंचरणाऱ्या काकू, पुरे म्हणून हात हलवणाऱ्या काकू, अकराच्या अकरा तिघांच्या डोळ्यांदेखत गेल्या, आणि फिल्म होती तशीच राखाडी राहिली. लेक भिंतीला टेकून रडत होती, आवाज न करता.

शेवटचं टोक रोलमधून सुटलं.

मोजणीदारांचे हात अर्ध्यात थांबले. उजव्या हाताची कात्री उघडी राहिली होती, ती हळूच मिटली. दोन्ही हात उशीवर उतरले आणि पडून राहिले.

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. एक मिनिट गेलं. पाच गेली. घड्याळात चार वाजून गेले.

"थांबले," मोजणीदार म्हणाले. डोळ्यांतलं पाणी त्यांना पुसता येत नव्हतं. लेक पुढे झाली, तिनं आपल्या पदरानं ते पुसलं, आणि बापाच्या कपाळाला कपाळ टेकून तशीच वाकून राहिली. भिंगताईनं रिकामा कॅमेरा खिडकीच्या कठड्यावर ठेवला. पाणी प्यावं म्हणून ती वळली.

तेव्हा तिला दिसलं. लेकीला दिसत नव्हतं, तिचे डोळे मिटलेले होते.

उशीवरचा उजवा हात सावकाश उताणा झाला. तळवा वर करून तो पुढे आला, लेकीच्या कुशीजवळून, खोलीच्या मधोमध, जिथे कोणीच नव्हतं. बोटं जराशी पसरली आणि तो हवेत थांबून राहिला, वाट बघत.

"ताई..." मोजणीदार पुटपुटले. ते हाताकडे बघत नव्हते. हाताच्या समोर, माणसाचं तोंड येईल तितक्या उंचीवर बघत होते. "त्यांना सांगा ना, मला रोल भरता येत नाही म्हणून..."

आणि पसरलेला हात किंचित खाली गेला, काहीतरी जड हातावर ठेवल्यावर जातो तेवढाच. तळव्याच्या मऊ मांसात कॅमेऱ्याच्या तळासारखा एक लांबट खळगा पडला. बोटं त्याच्याभोवती मिटली.